उखळ, मल्लखांब आणि माणसाचे सांधे

चैत्रात किंवा नवरात्रात जो वणीच्या गडावर गेला आहे, त्याने एक दृश्य हमखास पाहिले असेल. पहिल्या पायरीला हात लावून निघालेली वयस्क माणसे शे-दीडशे पायऱ्या चढली की कठड्याला टेकतात, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवतात आणि आईचे नाव घेत पुन्हा उठतात. पायऱ्या पाचशेच्या आसपास. चढताना धाप लागते हे खरे, पण गुडघ्यांची परीक्षा होते ती उतरताना. कारण पायरी उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक दाब येतो. २०१८ साली गडावर ट्रॉली सुरू झाली आणि पुष्कळ म्हाताऱ्यांची सोय झाली. तरी पायऱ्यांनी जाणारे जातातच. नवस पायांचा असतो ना!

मी इतिहास शिकवणारा माणूस. वैद्य नाही, डॉक्टरही नाही. सांध्यांवर मी बोलावे हा आगाऊपणा वाटेल. पण याच गडाला एक जुनी गोष्ट चिकटलेली आहे, आणि ती नीट उकलली तर आपल्या लोकांना सांध्यांविषयी काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते, हे कळते. तो मात्र इतिहासाचा विषय आहे.

गोष्ट दुसऱ्या बाजीरावाच्या वेळची. तो १७९६ साली गादीवर आला आणि १८१८ साली त्याची पेशवाई गेली. या दरम्यान केव्हातरी अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल हैदराबादेकडून, वाटेतल्या पैलवानांना चीत करीत, पुण्यास आले. त्यांनी दरबारात सांगितले, आमच्या जोडीचा मल्ल द्या, नाहीतर जयपत्र लिहून द्या. सगळीकडे सामसूम. तेव्हा बाळंभट देवधर नावाचा एक कोवळा तरुण उठला आणि त्याने आव्हान घेतले. लढण्यापूर्वी त्याने थोडी मुदत मागितली आणि सरळ वणीचा सप्तशृंगीचा गड गाठला. बाळंभटांचे गाव आपल्याच जिल्ह्यातले, गोदाकाठचे कोठुरे, असे सांगतात. तेव्हा संकटात गडाकडे पाय वळले यात नवल नाही. तिथे अनुष्ठान केले, देवीची कृपा झाली, मारुतीने स्वप्नात येऊन लाकडी खांबावरचे डाव शिकवले. परत येऊन बाळंभटांनी एकाला आस्मान दाखवले आणि दुसरा म्हणे लढायला उतरलाच नाही.

ही आख्यायिका आहे, दफ्तरातला कागद नव्हे. मल्लांच्या खांबाचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथातही आहे. म्हणजे बाळंभटदादांनी मल्लखांब नव्याने निर्माण केला असे नाही, त्याला नवे रूप दिले, पद्धत लावून दिली. पण आख्यायिकेचा एक पाठ असा आहे की गडावरच्या झाडांवर उड्या मारणारी माकडे पाहून त्यांना त्या पकडी सुचल्या. मला स्वप्नापेक्षा ही माकडे जास्त मोलाची वाटतात. का ते सांगतो.

माकड फांदीला लोंबकळते, एका हातावर अंग फिरवते, दुसरी फांदी धरते. हे सारे ज्याच्या जोरावर चालते तो खांद्याचा सांधा. माणसाचा खांदाही त्याच घडणीचा. आपल्या शरीरात इतक्या दिशांनी फिरणारा दुसरा सांधा नाही. हात पुढे न्या, मागे न्या, वर न्या, गोफण फिरवा. सगळे तो करतो. हे त्याला जमते, कारण त्याची खोबण अगदी उथळ आहे. दंडाच्या हाडाचे डोके गोल, लहान चेंडूसारखे. आणि ज्या खोबणीत ते बसते ती बशीसारखी. डोक्याचा जेमतेम तिसरा हिस्सा एका वेळी खोबणीला टेकलेला असतो. बाकी त्याला जागेवर धरतात ते स्नायू, स्नायूंच्या दोऱ्या आणि सांध्याभोवतीची पिशवी. उलट मांडीचा सांधा पाहा. तिथे मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोल वाटीत बसलेला आहे. तो खांद्याइतका फिरत नाही, पण सगळ्या धडाचा भार पेलतो आणि सहजासहजी निखळत नाही. म्हणजे निसर्गाने एकीकडे मोकळीक दिली आणि बळकटी काढून घेतली. दुसरीकडे बळकटी दिली आणि मोकळीक आवरली. अंगातले मोठे सांधे निखळतात त्यांत खांद्याचा नंबर सर्वांत वर, तो यामुळेच.

मल्लखांब काय शिकवतो? समोरचा मल्ल न हलणारा, न थकणारा, एरंडेल चोळून गुळगुळीत केलेला लाकडी खांब. त्याला बगल मारायची, पायांची अढी घालायची, उलटे व्हायचे. यात मोकळ्या सांध्याला स्नायूंचा आधार मिळतो. आणि कुस्तीचा डाव म्हणजे तरी काय? प्रतिस्पर्ध्याचा कोणता सांधा कोणत्या दिशेला वळतो आणि कोणत्या दिशेला वळत नाही, हे ओळखून नेमके तिथे अंगाचे वजन टाकणे. कोपर मागे जात नाही, गुडघा बाजूला जात नाही. वस्तादाला हे पुस्तकातून नव्हे, हातांनी ठाऊक होते.

जुन्या पुस्तकांकडे वळू. सुश्रुतसंहितेला दोन हजार वर्षांच्या आसपासची परंपरा आहे. त्यात शरीरातले सांधे २१० सांगितले आहेत: हातापायांत ६८, धडात ५९, मानेत आणि मानेच्या वर ८३. नुसती मोजदाद करून ग्रंथकार थांबला नाही. सांधे दोन जातींचे, हलणारे आणि स्थिर, असे त्याने म्हटले. मग घडणीवरून त्यांचे आठ प्रकार पाडले आणि त्यांना नावे दिली ती घरातली. खांद्याचा आणि जांघेतला सांधा म्हणजे 'उलूखल', आपले उखळ. कवटीच्या हाडांचे जोड म्हणजे 'तुन्नसेवनी', शिवणीसारखे. जबड्याचा सांधा 'वायसतुंड', कावळ्याच्या चोचीसारखा. कोपर, गुडघा, घोटा, बोटे 'कोर' या गटात. त्यांना आज आपण बिजागरीचे सांधे म्हणतो. शाळेच्या पुस्तकात 'उखळीचा सांधा' हा शब्द वाचून मुले हसतात, पण तो शब्द इंग्रजीवरून घाईने पाडलेला नाही. तो कांडणाच्या घरातून आलेला आहे.

आणखी एक उपमा शेतकरी श्रोत्यांना लगेच पटेल. सुश्रुत म्हणतो की आसाला तेल घातले म्हणजे चाक जसे सुरळीत फिरते, तसे सांधे त्यांच्यातल्या कफामुळे फिरतात. बैलगाडीला वंगण घालणाऱ्याला यापुढे काय सांगायचे? आजचे शास्त्र म्हणते की हलत्या सांध्याभोवती एक पिशवी असते, तिच्या आतल्या पातळ अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट द्रव पाझरतो. हा द्रव फार थोडा असतो बरे का! गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातसुद्धा चहाचा एक चमचा भरणार नाही इतकाच. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट कूर्चेचा थर असतो. या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. मग तिला अन्न कसे मिळते? दाब आला की ओल्या स्पंजासारखा तिच्यातला द्रव बाहेर पडतो, दाब सुटला की पुन्हा आत शिरतो. या ये-जा करण्यातच तिचे पोषण होते. म्हणून न हलणारा सांधा उपाशी राहतो. कूर्चेला मज्जातंतूही नाहीत. म्हणून तिची झीज सुरू झाली तरी प्रथम दुखत नाही, आणि दुखू लागते तेव्हा बरेच झिजून गेलेले असते.

हाडांच्या संख्येत मात्र सुश्रुताचे आणि आजचे जमत नाही. तो ३०० म्हणतो, चरक ३६० म्हणतो, आज आपण प्रौढ माणसात २०६ धरतो. यावरून काही मंडळी जुन्यांना हसतात आणि काही मंडळी उगाच रागावतात. दोघांनीही थोडे थांबावे. जुन्यांनी दात आणि कूर्चाही हाडांत धरल्या, म्हणून आकडा वाढला. डॉ. हर्न्ले या पंडिताने १९०७ साली ऑक्सफर्डहून एक मोठा ग्रंथ काढून ही सगळी हाडे एकेक ताडून पाहिली होती. आणि सुश्रुताने प्रेत पाहण्याची रीतही सांगितली आहे: गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, संथ वाहत्या पाण्यात सात दिवस भिजवायचे आणि मग कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. हे लिहिणारा माणूस ऐकीव गोष्टी सांगत नव्हता.

आता निखळलेल्या खांद्याकडे येऊ. इथे मला थोडे स्वतःविषयी बोलावे लागेल.

मी सतरा वर्षांचा असताना पंचवटीतल्या एका तालमीत मल्लखांबावर जात असे. एका संध्याकाळी उडी चुकली, हात मागे फेकला गेला आणि खांद्याचा आकारच बदलला. गोलाई गेली, खांदा चौकोनी दिसू लागला. ते दुखणे मी विसरलेलो नाही. वस्ताद धावत आले. त्यांनी मला मातीत उताणे निजवले, माझ्याशेजारी बसले, आपल्या पायाची टाच माझ्या काखेत हलकेच टेकवली आणि मनगट धरून हात हळूहळू ओढू लागले. तोंडाने चालू होते, "पोरा, कितवीत आहेस? बाप काय करतो तुझा? अरे, आम्हाला कधी पेढे दिलेस का पास झाल्याचे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि आत 'टक्' असा आवाज झाला. दुखणे निम्म्याहून अधिक गेले. त्यांनी पंचाने हात छातीशी बांधला आणि दम दिला, "महिनाभर हात वर नेलास तर याद राख." पैसे विचारले तर रागावले.

पुढे एम.ए. झाल्यावर, वेगळ्याच कामासाठी वाचताना, मला हीच टाच एका ग्रीक ग्रंथात भेटली. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या हिपॉक्रेटिसच्या नावावरच्या लेखनात काखेत टाच देऊन खांदा बसवण्याची रीत आहे. आणि सुश्रुताने काय सांगितले आहे? काखेत मुसळ देऊन वर उचलावे आणि डोके जागेवर बसले की 'स्वस्तिक' नावाची पट्टी बांधावी. म्हणजे उखळातून निसटलेले हाड मुसळाच्या मदतीने पुन्हा उखळात! माझ्या वस्तादांना ग्रीक येत नव्हते आणि संस्कृतही. त्यांना त्यांच्या वस्तादांनी शिकवले होते.

ही विद्या तालमींतून कशी चालत आली, याची एक ओळ आपल्याला बडोद्यापर्यंत नेता येते. पेशवाई गेल्यावर बाळंभटदादांची परंपरा बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्ताला आणि शिष्यांबरोबर काशीला गेली. मराठी मल्लविद्येचे दुसरे मोठे घर झाले ते गायकवाडांचे बडोदे. तिथले जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांच्या व्यायाममंदिरात व्यायाम शिकायला पोरे येत आणि मोडलेले हात, निखळलेले सांधे घेऊन इतर लोकही येत. माणिकराव हाडवैद्यकीसाठी तितकेच नावाजलेले होते. बडोद्याहूनच १९३६ पासून द. चिं. मुजुमदार यांनी 'व्यायामज्ञानकोश' दहा खंडांत काढला. तोवर हे ज्ञान हातातून हातात जात होते. ते एकदाचे कागदावर आले. आज मल्लखांबाची जागतिक स्पर्धा होते, पहिली २०१९ साली मुंबईत झाली. पण स्पर्धेला निघालेल्या पोराचा खांदा निसटला तर त्याला आधी क्ष-किरणाच्या खोलीत नेतात, आणि ते योग्यच आहे. का, तेही सांगितले पाहिजे.

माझा खांदा बसला खरा, पण पुढच्या दोन वर्षांत तो आणखी दोनदा निसटला. तरुण वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याचा धोका फार मोठा असतो, कारण पुढची पिशवी फाटते आणि ती नीट जुळून येत नाही. आणि आमच्या आळीतला एक मुलगा याहून दुर्दैवी निघाला. आठ-नऊ वर्षांचा, चिंचेवरून पडला, कोपर सुजले. कोणीतरी म्हणाले, सांधा सरकलाय. ज्याच्याकडे नेले त्याने ओढून, चोळून, कामट्या लावून घट्ट बांधले. रात्रभर पोर ओरडत होते. घरचे म्हणाले, हाड बसताना दुखायचेच. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा बोटे काळीनिळी पडली होती. कोपराचा सांधा सरकलेला नव्हताच. सांध्याच्या वरचे हाड मोडले होते आणि घट्ट पट्टीने हाताचे रक्त अडवले होते. त्याची बोटे आजही आत वळलेली आहेत. तो माणूस कोण, हे सांगण्यात अर्थ नाही. पण सुश्रुतानेच स्पष्ट म्हटले आहे की पट्टी सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, आणि फार आवळली तर सूज, वेदना आणि पू होतो. मुसळ पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हा इशारा वाटेत कुठेतरी गळून पडला.

तेव्हा निखळल्यासारखा दिसणारा सांधा ओढू नका. हात झोळीत घाला, दवाखान्यात न्या, बोटांचा रंग आणि ऊब पाहत राहा. क्ष-किरणांचा शोध १८९५ सालचा. त्याआधीच्या वस्तादाला आत पाहायची सोय नव्हती, आपल्याला आहे.

आता दुसरी बाजू. तालमीला मार लागलेला सांधा कळत होता. आतून बिघडलेला सांधा तिला कळत नव्हता. पडला नाही, झडला नाही, तरी सांधा सुजतो, याला आपल्याकडे एकच शब्द: वात. "वात भरलाय." तेल लावा, निर्गुडीच्या पाल्याने शेका, फार झाले तर बिब्बा घाला. वास्तविक जुन्या वैद्यांनी इथेही भेद केले होते. चरकाने वातरक्त वेगळे काढले, माधवाच्या 'निदान' ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि झिजलेल्या सांध्याला हात लावला तर वाऱ्याने फुगलेल्या पखालीसारखा लागतो असे वर्णन आहे. गावात येईपर्यंत हे सारे भेद विरघळले आणि एक 'वात' उरला.

माझी आत्या निफाडकडच्या एका खेड्यात राहते. चाळिशीच्या सुमारास तिच्या दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजू लागली. सकाळी उठल्यावर तास-दीड तास मूठ वळत नसे, नंतर हळूहळू हात मोकळे होत. मी म्हणालो, "आत्या, नाशिकला दाखवू या." ती म्हणाली, "बाळा, कांदे लावून लावून हात दुखणारच. तुझ्या आजीचेही दुखायचे." मी शिकलेला माणूस, पण मलाही ते पटले. दोन वर्षे तेलावर गेली. शेवटी दाखवले तेव्हा कळले की हा झिजेचा आजार नव्हे, आमवाताच्या जातीचा आहे; शरीराची संरक्षक शक्तीच चुकून सांध्यांच्या अस्तरावर उलटते. हा बायकांना पुरुषांच्या सुमारे तिप्पट होतो. लहान सांध्यांना, दोन्ही बाजूंना सारखा होतो, आणि सकाळचा ताठरपणा ही त्याची खूण. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांधे पुष्कळसे वाचतात. मेथोट्रेक्सेट हे त्यावरचे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून मुद्दाम सांगतो.

किती लोकांना असे असेल? पुणे जिल्ह्यात भिगवण म्हणून गाव आहे, उजनीच्या पाण्याकाठी. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. शेकडा १८ लोकांना सांध्या-स्नायूंचे दुखणे निघाले. पाठ, गुडघे, खांदे यांची झीज आणि ताण हाच त्यातला मोठा भाग. पण खरा आमवात दोनशे माणसांत एकाला होता. दोनशेत एक हा आकडा लहान वाटतो. दोन हजार प्रौढांच्या गावाला तो लावून पाहा. दहा जण होतात. माझी आत्या त्या दहांतली एक.

सांध्यांनी सगळ्या गावाला एकदम घेरल्याचेही आपण पाहिले आहे. २००६ साल आठवा. मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत माणसे तापली, ताप तीन-चार दिवसांत गेला, पण घोटे, मनगटे, गुडघे महिनोन्‌महिने जखडून राहिले. शेतावर मजूर मिळेना, चुलीपुढे बाईला बसता येईना. चिकुनगुन्या. हा शब्द आफ्रिकेतल्या टांझानियातल्या माकोंडे लोकांचा. अर्थ, वाकून जाणे. त्या वर्षी देशात १३ लाखांवर संशयित रुग्णांची नोंद झाली. लोक म्हणाले, हा रोग नवा आहे. नवा नव्हता. १९७३ साली आपल्याच महाराष्ट्रात, बार्शीला, त्याची मोठी साथ येऊन गेली होती. तेहतीस वर्षांत आपण ती विसरलो. दिवसा चावणारा, रांजणातल्या आणि टाकीतल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा डास तिला विसरलेला नव्हता.

शिक्षकबंधू-भगिनींसाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखला, बरा झाला, आणि दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो ओसरतो तोच घोटा सुजला, मग कोपर. असे फिरते दुखणे आढळले तर ते मूल लंगडते म्हणून खेळाच्या तासाला बाजूला बसवून विषय संपवू नका. हा संधिवाती ताप असू शकतो. त्याची गंमत अशी की सांधे पूर्ण बरे होतात, मागे खूणही राहत नाही. इजा होते ती हृदयाच्या झडपांना, आणि ती कळते पुष्कळ वर्षांनी. पेनिसिलिन वेळेवर आणि नेमाने दिले तर ती टळते. आणि ज्या मुलाचा एकच सांधा लाल, गरम झाला आहे, अंगात ताप आहे, पाय टेकवत नाही, त्याच्या सांध्यात पू असू शकतो. त्याला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावे. गरम, सुजलेल्या सांध्याला मालीश करू नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

राहिला गुडघा. गुडघा हा आपला सर्वांत मोठा सांधा. मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वर ढालीसारखी वाटी. मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या, आणि आत एकमेकांना ओलांडून जाणारे दोन बळकट बंध. वयाबरोबर कूर्चा झिजते, वाढलेले वजन ती झीज लवकर आणते. कांद्याच्या लागवडीत उकिडवे बसून दिवस काढणाऱ्या बाईचा गुडघा आणि द्राक्षाच्या मांडवाखाली दोन्ही हात वर करून छाटणी करणाऱ्या माणसाचा खांदा लवकर तक्रार करतो, हे आपल्या जिल्ह्यात सांगायला कोणी तज्ज्ञ नको. मांडीचे स्नायू बळकट ठेवले, वजन आवरले, चालणे सोडले नाही, तर बऱ्याच गुडघ्यांचे दुखणे काबूत राहते. "झिजतोय म्हणून हलवू नका" हा सल्ला चुकीचा आहे. कूर्चेचे अन्न हालचालीत आहे, हे मघाशी सांगितलेच.

अगदीच झिजला तर? १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी मांडीच्या सांध्यासाठी धातूचा लहान गोळा आणि टिकाऊ प्लास्टिकची वाटी बसवली. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या. त्या झपाट्याने झिजल्या आणि त्यांना ते सगळे काम पुन्हा करावे लागले. पुन्हा उखळ आणि मुसळच, फक्त घडवलेले. गुडघ्याचे तसे यश पुढच्या दशकात न्यूयॉर्कला आले, आणि त्या मंडळींत इंदूरला शिकलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. त्यांनीच २००० साली, आणि पुढे २००१ साली, मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे बदलले. तेव्हापासून 'गुडघा बदलणे' हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. पण पुष्कळांना वाटते की पायच कापून दुसरा लावतात. तसे नसते. हाडांची झिजलेली टोके तासून त्यांवर धातूचे टोपण बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची चकती ठेवतात.

आज आपल्या नाशकातच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ पासून. डॉक्टरीच्या मुलाची परीक्षा ते घेते आणि आयुर्वेदाच्या मुलाचीही. एक खांद्याच्या सांध्याचे इंग्रजी नाव लिहितो, दुसरा 'उलूखल' लिहितो. घरातले उखळ मात्र मिक्सर आल्यापासून परसात पालथे पडले आहे. शाळेत 'उखळीचा सांधा' शिकवताना गुरुजींना आधी उखळ दाखवावे लागते, असे माझे एक शिक्षकमित्र सांगतात. ते वर्गात नारळाची करवंटी आणि लिंबू घेऊन जातात. खोल करवंटीत लिंबू फिरवले की मांडीचा सांधा, आणि उथळ बशीत फिरवले की खांदा. बशीतले लिंबू पहिल्याच झटक्याला खाली पडते, आणि मुलांना पुढचे सांगावे लागत नाही.

आत्या बरी आहे. सोमवारची गोळी ती कॅलेंडरवर खूण करून घेते. सूज उतरली आहे, नवी बोटे वाकलेली नाहीत. पण त्या दोन वर्षांत जी वाकली ती वाकली. गेल्या चैत्रात आम्ही तिला गडावर नेले. ती पायऱ्यांनी जाणार म्हणून हटून बसली होती, शेवटी ट्रॉलीत बसली. वर देवीसमोर तिने हात जोडले तेव्हा उजव्या हाताची दोन बोटे डाव्या बोटांना टेकत नव्हती. तिने ती दुसऱ्या हाताने दाबून धरली आणि नमस्कार पुरा केला.